उलट्या फिरकीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे, फिरकीच्या झाकणाचा. मला उघडायला आलेल्या बहुतेक माणसांनी मला आणखी घट्टच केले आणि वर माझ्याच नावाने बोटे मोडली. यात माझा काय दोष होता, ते आधी ऐकून घ्या. मग हवे तर तुम्हीही मोडा.

बंगळूरमध्ये चिकपेटेच्या मागे एक अरुंद गल्ली आहे. तिथे रघुपती तांबटाच्या दुकानात मी जन्मलो. रघुपतीने पत्रा ठोकून माझे अंग घडवले, आतून झकास कल्हई केली. आता फक्त झाकणाचे आटे पाडायचे राहिले होते. नेमकी त्या दिवशी रघुपतीची दाढ ठणकत होती. एका हाताने गाल धरून त्याने कसेबसे काम उरकले आणि आटे उलटे पडले. इतर डबे ज्या बाजूला फिरवले की उघडतात, त्या बाजूला फिरवले की मी घट्ट होतो. चूक ध्यानात आली तेव्हा रघुपतीने कपाळावर हात मारून घेतला. मोडीत टाकायला त्याचा जीव होईना, म्हणून त्याने मला दुकानाच्या कोपऱ्यात ठेवून दिले. गिऱ्हाईक येई, मला उचली, झाकण पिळी, "हा अडकलाय" म्हणे आणि शेजारचा डबा घेऊन जाई. त्या सगळ्या डब्यांपेक्षा मी जास्त चकाकत होतो. हे मी सांगायला नको, पण सांगतो.

मग एक दिवस तुंगाबाई आल्या. चिकपेटेत त्यांच्या यजमानांचे, सुब्बारावांचे, लुगड्यांचे दुकान. कित्येक पिढ्या बंगळुरात राहिलेले मराठी घर ते. त्यांच्या बोलण्यात अर्धे शब्द कानडी असत, आणि लाडवाला तर त्या उंडाच म्हणत. तुंगाबाईंनी माझे झाकण एका बाजूला फिरवून पाहिले, मग दुसऱ्या. मी उघडलो. त्या खुदकन हसल्या.

"हाच द्या," त्या रघुपतीला म्हणाल्या. "आमच्या घरात हाच पाहिजे."

का, ते मला घरी गेल्यावर कळले. सुब्बाराव, म्हणजे घरातले अप्पा, गोडाचे भारी शौकीन. सणाचे उंडे देवापुढे जाण्याआधीच ते अर्धे फस्त करत. आता ते दुपारी हळूच स्वयंपाकघरात येत, मला छातीशी धरत, दात-ओठ खाऊन झाकण पिळत आणि हात हलवत परत जात. तुंगाबाई दाराआडून बघत आणि पदराने तोंड दाबून हसत. "कसला डबा आणलाय हा!" असे अप्पा ओरडूही शकत नव्हते, कारण मग चोरी उघड झाली असती.

माझे गुपित घरात फक्त एकाला सापडले, ते म्हणजे त्यांच्या मुलाला. त्याचे नाव गुंडूराव, पण सगळे त्याला गुंडू म्हणत. गुंडू डावरा होता. शाळेत मास्तर त्याच्या डाव्या हातावर पट्टी मारत, उजव्याने लिही म्हणत. घरी मात्र त्याने मला दोन गुडघ्यांत धरले, डावा हात झाकणावर ठेवला, आपल्या सवयीने फिरवले आणि मी सहज उघडलो. त्याच्या तोंडात उंडा असतानाच तुंगाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्याला वाटले, आता मार बसणार.

"अप्पांना सांगायचं नाही," त्या एवढेच म्हणाल्या. "हे तुझ्या-माझ्यात."

ती शपथ दोघांनी वर्षानुवर्षे पाळली. मला त्या घरात फार मान होता. दर शनिवारी चिंचेने अंग घासले जाई आणि फळीवर मधली जागा माझी असे. माझ्या पोटात रव्याचे उंडे असत, कधी चिरोटे असत. गुंडू मोठा झाला, त्याला मिशी फुटली, तो फौजेत गेला. सुटीवर आला की बूट काढायच्या आधी स्वयंपाकघरात येऊन डाव्या हाताने माझे झाकण फिरवी. आपण घरी पोचलो, हे त्याला तेव्हा पटत असावे. मलाही तेव्हाच पटे.

पासष्ट साली लढाई पेटली. गुंडू आघाडीवर होता. एक तोफगोळा त्याच्या गाडीजवळ फुटला. जीव वाचला, पण तोंडावर आणि डोळ्यांवर जखमा झाल्या. त्याला मुंबईच्या लष्करी इस्पितळात आणले. अप्पा मिळेल त्या गाडीने तिकडे धावले. तुंगाबाईंना जाता येईना, कारण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. काही दिवसांनी अप्पांचा ट्रंक कॉल आला. तुंगाबाई जवळच्या पेढीवरच्या फोनवर जाऊन बोलल्या आणि घरी येऊन माझ्यासमोर पाटावर बसून राहिल्या. वरच्या मजल्यावर पद्माकर नावाचा तरुण इंजिनिअर भाड्याने राहत असे. तो विचारायला खाली आला, तेव्हा त्या बोलल्या.

"डोळ्यांवर पट्टी आहे. नजर येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. पण ते राहू दे. तो बोलतच नाही हो. अप्पांशी नाही, कुणाशीच नाही. जेवण पुढे आणलं की तोंड भिंतीकडे करतो. असाच राहिला तर जगायचा कसा?"

पद्माकर मूळचा पुण्याचा, विमानांच्या कारखान्यात नोकरीला. बंगळुरात नुकताच आलेला. त्याला कारखान्याच्या कामासाठी विमानाने मुंबईला जायचे होते. तो म्हणाला, "काकू, मी जातोय ना उद्या. काही द्यायचं असेल तर द्या."

तुंगाबाई उठल्या. रवा भाजला, तूप सढळ घातले, वेलदोडा कुटला. उंडे वळताना त्यांचे डोळे वाहत होते आणि हात थांबत नव्हते. सगळे उंडे माझ्या पोटात भरून त्यांनी झाकण लावले.

"हा डबा गुंडूच्या हातातच द्या हं," त्या पद्माकरला म्हणाल्या. "दुसऱ्या डब्यात काढू नका. त्याला डोळ्यांनी दिसत नसलं तरी हाताला कळेल. आपला डबा आहे, हे हाताला कळलं तर तो बोलेल. माझं मन सांगतं."

पद्माकरने मान डोलावली. हाताला कसे कळेल, हे त्याने विचारले नाही. मित्रांनो, सगळा घोटाळा त्या न विचारलेल्या प्रश्नात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुंगाबाई शेजारणीला सासूबाईंपाशी बसवून पद्माकरबरोबर विमानतळापर्यंत आल्या. लढाई थांबली होती, पण धास्ती थांबली नव्हती. काचांना चिकटवलेले काळे कागद तसेच होते. पोहोचवायला आलेल्यांना आत सोडत नव्हते, म्हणून तुंगाबाई बाहेर कुंपणाशीच उभ्या राहिल्या. आत एका लांब टेबलाशी सामानाची झडती चालली होती. बंद डबा, बंद बाटली, जे काही झाकलेले असेल ते उघडून दाखवल्याशिवाय विमानात न्यायचे नाही, असा हुकूम होता. आमच्या पुढच्या बाईंच्या केकच्या खोक्याची दोरी सोडून, आत डोकावून, मगच त्यांना पुढे सोडले.

मग माझी पाळी आली. टेबलाशी कल्लाप्पा नावाचा पोलीस होता. त्याने मला उचलून हातावर तोलले. मी जड होतो.

"इदरल्ली एनिदे?" म्हणजे यात काय आहे, त्याने विचारले.

पद्माकरला कानडी मोजकीच येत होती, पण बोलायची हौस दांडगी. हे गुंडूचे आहे, मुंबईला न्यायचे आहे, असे त्याला सांगायचे होते. तो हसतमुखाने, मोठ्या आवाजात म्हणाला, "इदु गुंडू! मुंबैगे!"

कल्लाप्पाचा चेहरा पांढरा पडला. त्याने मला तापलेली कढई ठेवावी तसे झटकन टेबलावर ठेवले आणि तो मागे सरला. कारण कानडीत गुंडू म्हणजे बंदुकीची गोळी. यात गोळ्या आहेत, मुंबईला चालल्या आहेत, असे एक माणूस लढाईच्या दिवसांत विमानतळावर उभा राहून हसत सांगत होता.

शिट्टी वाजली. लोक भराभर भिंतीकडे सरकले. वाळूची बादली आली. इन्स्पेक्टर प्राणेश आले. शिडशिडीत अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांना इंग्रजी येत होती, हिंदी येत होती, थोडीफार मराठीही समजत होती. पण त्यांचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता.

"डबा उघडा," ते म्हणाले.

"हो, हो, साहेब, लाडू आहेत," पद्माकर म्हणाला आणि त्याने माझे झाकण धरून फिरवले. सगळे जग फिरवते त्या बाजूला.

मी घट्ट झालो. त्याने रुमाल गुंडाळून पुन्हा जोर लावला. मी आणखी घट्ट झालो. त्याच्या कपाळावर घाम आला. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, अरे बाबा, उलटा फिरव! पण पितळेला तोंड असते ते फक्त भरायला.

"तुमचा डबा आणि तुम्हालाच उघडत नाही?" प्राणेशनी विचारले.

"साहेब, डबा माझा नाही."

"मग कोणाचा?"

"गुंडूचा."

कल्लाप्पा आणखी एक पाऊल मागे गेला. प्राणेशनी नुसती मान वळवून फत्तेसिंगला बोलावले. फत्तेसिंग उत्तरेकडचा शिपाई, दाराएवढा धिप्पाड. त्याने देवाचे नाव घेतले, मला काखेत दाबले आणि सगळ्या ताकदीने झाकण पिळले. माझे आटे करकरले. इतका घट्ट मी जन्मात कधी झालो नव्हतो. अप्पांची इतक्या वर्षांची मेहनत एका बाजूला आणि फत्तेसिंगचा एक झटका एका बाजूला.

बाहेर विमानाला शिडी लावली होती. उतारू एकेक करून चढत होते.

"हे पाहा," प्राणेश पद्माकरला म्हणाले, "तुमचे कागद ठीक आहेत. डबा इथे ठेवून तुम्ही जाऊ शकता. आम्ही तो खड्ड्यात नेऊन कापून बघू."

कापून! मित्रांनो, माझ्या अंगातली कल्हई थिजली. मरणाची भीती कोणाला नसते? पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. उंडे काय, कागदात बांधूनही मुंबईला गेले असते. रव्याचे उंडे मुंबईतही मिळतात. गुंडूच्या हाताला घर कळणार होते ते माझ्या फिरकीने. गळा कापल्यावर ती फिरकी कुठून राहणार? तुंगाबाईंनी काळोखात बसलेल्या लेकाला धाडलेली हाक तिथेच, वाळूच्या खड्ड्यात संपली असती.

पद्माकरने विमानाकडे पाहिले. कारखान्याचे काम होते, साहेब वाट बघत होते. मग त्याने माझ्याकडे पाहिले. हा मुलगा मला जरा भोळसटच वाटे. पण त्या दिवशी तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला.

"मी डबा सोडून जाणार नाही," तो म्हणाला. "तो एका जखमी जवानाचा आहे. त्याची आई बाहेर कुंपणाशी उभी आहे. तिला बोलवा. ती सांगेल."

"बाहेरच्यांना आत घ्यायचं नाही, असा हुकूम आहे."

"मग मलाही बाहेर काढा. पण कापू नका."

प्राणेशनी कल्लाप्पाला कुंपणाकडे पिटाळले. पण तोवर कुणीतरी करवत आणली होती. खड्ड्याची वाट न बघता फत्तेसिंगने घाईत तिथेच झाकणाच्या कडेवर पाते टेकवले आणि एकदा ओढले. खर्रर्र! ती खूण आजही माझ्या मानेवर आहे. बाहेर पहिला पंखा घरघरू लागला होता.

"थांबा! अय्यो, थांबा!"

तुंगाबाई पदर खोचून धावत येत होत्या, कल्लाप्पा त्यांच्या मागे. त्या कोणाकडे न बघता टेबलापाशी आल्या आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी जवळ ओढले.

"अहो, हा उलटा आहे. उलट्या फिरकीचा! तुम्ही घट्ट करताय." त्यांनी कानडीत पुन्हा तेच सांगितले. मग झाकणावर हात ठेवून त्यांनी बरोबर बाजूला फिरवले.

मी हललो नाही. खरे सांगतो, माझी इच्छा होती. पण फत्तेसिंगच्या झटक्यापुढे त्यांच्या संधिवाताच्या बोटांचे काय चालणार? त्यांनी पुन्हा जोर लावला. बोटे घसरली. प्राणेशचा चेहरा कठोर झाला.

"अम्मा," ते म्हणाले, "तुम्हालाही उघडत नाही."

तुंगाबाईंनी वर पाहिले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज कापत नव्हता. "ज्यानं घट्ट केलंय त्यालाच उघडू दे. ए बाळा, इकडे ये."

फत्तेसिंग पुढे आला. त्याने मला पुन्हा काखेत धरले आणि सवयीने हात नेहमीच्याच बाजूला वळला. तुंगाबाईंनी त्या दाराएवढ्या शिपायाच्या मनगटावर चापट मारली.

"तिकडे नाही रे! इकडे. इकडे!"

मराठी त्याला कळत नव्हती, पण चापट कळली. त्याने हात उलटा वळवला, श्वास रोखला आणि जोर केला. माझे आटे एकदा कण्हले. मग टक्कन आवाज झाला आणि मी सुटलो.

झाकण निघाले. तूप, भाजका रवा आणि वेलदोडा यांचा वास त्या टेबलावर पसरला. प्राणेशनी एक उंडा उचलला, पेन्सिलीने फोडला, आत पाहिले. डब्याच्या तळापर्यंत काडी घालून पाहिले. मग त्यांचा हात पिस्तुलावरून खाली आला.

"आणि ते गुंडू?" त्यांनी विचारले.

"गुंडूराव माझा मुलगा, सामी," तुंगाबाई म्हणाल्या. "लढाईत डोळे गेलेत की राहिलेत, देवाला ठाऊक. बोलत नाही. हा डबा हाताला लागला तर बोलेल, म्हणून धाडत होते."

कल्लाप्पाने टोपी काढली. "अय्यो, अक्का," तो पुटपुटला, "गुंडू म्हणजे गुंडण्णा का! सरी, सरी, बरोबर."

प्राणेशनी मान खाली घातली, पण माफी मागितली नाही. ते हळूच म्हणाले, "अम्मा, मी बंद डबा सोडू शकत नाही. विमानात आणखी माणसं आहेत. त्यांनाही आया आहेत."

"खरंय तुमचं," तुंगाबाई म्हणाल्या. "सांगायला हवं होतं, ते मीच सांगितलं नाही." त्यांनी फोडलेला उंडा उचलून त्यांच्यापुढे धरला. "हा आता परत आत घालत नाही. खा."

"ड्यूटीवर चालत नाही."

"मग ड्यूटी संपल्यावर खा."

प्राणेशनी तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि स्वतः धावत जाऊन शिडी थांबवली. तुंगाबाईंनी माझे झाकण हलक्या हाताने लावले. पद्माकरच्या कानाशी त्या म्हणाल्या, "कसं उघडतं, ते आमच्या अप्पांना सांगू नका हं. गुंडूच उघडेल."

या वेळी त्याने काही न विचारताही सगळे समजून घेतले.

मुंबईच्या इस्पितळात गुंडू खाटेवर पडला होता. डोळ्यांवर पांढरी पट्टी, तोंड भिंतीकडे. अप्पा उशाशी बसलेले, दाढी वाढलेली. पद्माकरने मला गुंडूच्या हाताशी ठेवले. "आईनं पाठवलंय," तो म्हणाला. गुंडूचा हात हललाही नाही. पद्माकर थोडा वेळ थांबला आणि जड मनाने निघून गेला. मीही मनातून खचलो.

मग नर्स आली. "अरे वा, घरचा खाऊ!" म्हणत तिने मला उचलले आणि झाकण पिळले. "उघडत नाही हो, आजोबा."

"द्या इकडे," अप्पा म्हणाले. "हा डबा मला चांगला ठाऊक आहे." आणि त्यांनी मला छातीशी धरले, दात-ओठ खाल्ले आणि त्याच जुन्या, चुकीच्या बाजूला झाकण फिरवू लागले. माझे आटे करकरत होते. त्या शांत खोलीत तेवढाच आवाज होता.

गुंडूचे तोंड भिंतीकडून हळूच वळले.

"अप्पा," तो म्हणाला. आवाज घोगरा, गंजलेला. "घट्ट करताय तुम्ही."

अप्पांचे हात जागच्या जागी थांबले.

"आणा इकडे," गुंडू म्हणाला. तो उठून बसला. मला गुडघ्यांत धरले, डावा हात झाकणावर ठेवला आणि फिरवले. मी उघडलो. मित्रांनो, इतक्या आनंदाने मी कधीच उघडलो नव्हतो. त्याने बोटांनी माझ्या मानेवरची करवतीची खूण चाचपली, मग एक उंडा काढून तोंडात घातला आणि चावता चावता रडू लागला. अप्पाही रडत होते. पण मध्येच ते थांबले.

"म्हणजे इतकी वर्षं," ते म्हणाले, "हा डबा उलटा फिरत होता?"

गुंडू हसला. पट्टीखालून ओघळणारे पाणी पुसत तो खूप वेळ हसत राहिला.

पुढे त्याचा एक डोळा वाचला. आता तो चिकपेटेतल्या दुकानात बसतो. घरात स्टीलचे डबे आले, हलके, चकचकीत, कुठूनही उघडणारे. तुंगाबाईंच्या बोटांना आता मला घासणे जमत नाही. मी हिरवट पडलो, आता दिवाळी सोडली तर वर्षभर माळ्यावर असतो. कल्हईही उडत जाते. तक्रार नाही, पण वाईट वाटते.

तुम्ही कधी विमानाने निघालात आणि घरचे लाडू, वड्या बरोबर घेतल्यात, तर डबा उघडून दाखवायची तयारी ठेवा आणि झडती घेणाऱ्यावर डाफरू नका. दुसऱ्याची वस्तू नेत असाल तर आत काय आहे आणि ती कशी उघडते, हे आधी नीट विचारा. आणि एखादे झाकण अडले, तर जोर वाढवण्यापूर्वी एकदा दुसऱ्या बाजूला फिरवून बघा. घरातल्या जुन्या भांड्यांना वर्षातून एकदा तरी चिंच लावा, कल्हई करून घ्या. आम्ही फार काही मागत नाही.

आता थांबतो. उद्या दिवाळी आहे, मला माळ्यावरून खाली घेऊन कल्हई केली आहे. पोटात उंडे भरले आहेत. अप्पा आले आहेत. गुपित त्यांना आता चांगले ठाऊक आहे. तरीही ते दरवर्षी मला छातीशी धरतात, झाकण मुद्दाम चुकीच्या बाजूला फिरवतात आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारतात, "गुंडू, उघडत नाही रे! जरा ये बघू."